‘मिसडिमीनंट’ला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरात एका शब्दाशी अडले आहे. मिसडिमीनंट, म्हणजे किरकोळ गुन्ह्यात कोर्टाने दोषी ठरवलेला माणूस. मजकूर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या तुरुंगांबद्दल आहे. ‘किरकोळ गुन्हेगार’ लिहिलं, पण वाचताना तो माणूसच किरकोळ वाटायला लागला. ‘आरोपी’ चालेल?

— आरोपी नको. आरोप सिद्ध होईपर्यंतच आरोपी. पुढे तो दोषी, कायद्याच्या मराठीत सिद्धदोष. ‘आरोपीला तीन महिन्यांची शिक्षा’ असं बातम्यांत सर्रास छापतात, म्हणून ते बरोबर होत नाही.

— भुरटा?

— भुरटा चोर असतो हो. दारू पिऊन रस्त्यात धिंगाणा घालणाऱ्याला भुरटा कसं म्हणणार?

— मग ‘अदखलपात्र गुन्हेगार’ म्हणा की.

— ती गल्लत करू नका. दखलपात्र-अदखलपात्र हा भेद पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात की नाही, एवढ्यापुरता. बेदरकारपणे गाडी चालवण्याला आपल्याकडे जास्तीत जास्त सहा महिने कैद, तरी तो गुन्हा दखलपात्र. फेलनी (गंभीर गुन्हा) आणि मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) ही विभागणी आपल्या दंडसंहितेने घेतलीच नाही, त्यामुळे तयार प्रतिशब्द सापडत नाही. खुद्द इंग्लंडनेही 1967 च्या कायद्याने ती मोडीत काढली. अमेरिकेत अजून आहे. तिथे साधारण एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा म्हणजे मिसडिमीनर.

— माझी पसंती ‘अपराधी’ला. ‘गुन्हेगार’ फारसीतून आला. त्यातला ‘गार’ म्हणजे करणारा, पण कामगार, जादूगार ऐकायची सवय झालेल्या आपल्या कानाला तो धंदाच वाटतो. एकदा दंड भरून सुटलेल्या माणसाला तो शब्द जन्मभर चिकटतो. ‘अपराध’ मुळात नेम चुकण्याशी जोडलेला आहे. ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला, त्याला संस्कृतात ‘अपराद्धपृषत्क’ म्हणतात. (हा शब्द भाषांतरात वापरू नका, संपादक परत पाठवतील.) चुकला तो बाण, धनुर्धर दुसरा बाण लावू शकतो.

— मूळ प्रश्नातली शंका रास्त आहे. ‘किरकोळ’ गुन्ह्याला लागलं पाहिजे, माणसाला नाही. तुमच्या मजकुराच्या काळातलंच उदाहरण घ्या. संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यांना 1885 मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. मुलींच्या विक्रीचा प्रकार उघडकीला आणताना त्यांनी एका मुलीला वडिलांच्या संमतीशिवाय नेलं होतं. हॉलोवे तुरुंगात ते ‘पहिल्या वर्गाचे मिसडिमीनंट’ होते आणि कोठडीतून वर्तमानपत्राचं काम बघत होते. 1865 च्या तुरुंग कायद्यानुसार या वर्गातल्यांना फौजदारी कैदी समजायचं नव्हतं. अशा माणसाला ‘किरकोळ गुन्हेगार’ म्हटलं तर वाचक खिसेकापूच समजेल.

— तर मग ‘लघुअपराधी’?

— लघुशंका आठवते.

— बरं, राहिलं! पहिल्यांदा ‘किरकोळ अपराधात दोषी ठरलेली व्यक्ती’ असं पूर्ण लिहिते, पुढे नुसतं ‘अपराधी’. स्टेडसारखे येतील तिथे मात्र ‘पहिल्या वर्गाचा कैदी’ आणि कंसात मिसडिमीनंट, देवनागरीतच.

— तिथे ‘कैदी’ कशाला? फौजदारी कैदी समजायचं नाही, हीच तर त्या वर्गाची सवलत होती.

— फौजदारी नसेल, पण कुलूप बाहेरूनच होतं ना? कैदी ठेवते.