नीटच्या वर्षात मुलांपासून काय दूर ठेवावे? महामारीतल्या अनुभवावरून पालकांशी चर्चा

धागा : एक आई, सातारा

माझा धाकटा मुलगा यंदा बारावीत आहे आणि नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, तयारी करीत आहे. थोरल्या मुलीने हीच परीक्षा २०२० साली, करोनाच्या पहिल्या वर्षी दिली आणि आता ती एमबीबीएसची इंटर्नशिप करते आहे. त्या वर्षी आम्ही घरात एक धोरण ठरवून पाळले होते. धाकट्याच्या वेळीही तेच पाळावे असे मला वाटते, पण थोरलीचा त्याला ठाम विरोध आहे. आमचे दोघींचे म्हणणे इतर पालकांपुढे ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे.

त्या वर्षीची परीक्षा मुळात ३ मे रोजी होती. मार्चच्या अखेरीस ती पुढे ढकलली गेली, मग २६ जुलै ही तारीख आली आणि ३ जुलैला पुन्हा जाहीर झाले की आता १३ सप्टेंबर. दर वेळी उजळणीचे वेळापत्रक मोडून नवे आखावे लागे आणि ते आखून होईपर्यंत कुठे तरी नवी याचिका दाखल झाल्याची बातमी येई. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचे काम अभ्यास करणे हे आहे. तारखा, अर्ज, दाखले, बातम्या आणि घरातले आजारपण हा सगळा भार पालकांनी आपल्या अंगावर घ्यावा, असे मी आणि माझ्या यजमानांनी ठरवले. दूरदर्शन संच बंद राहिला. वर्तमानपत्र दुकानावर जाऊ लागले. अधिवास आणि नॉन-क्रिमीलेयरच्या दाखल्यांसाठी यजमानांनी खेटे घातले, आणि परीक्षेचे संकेतस्थळ रोज रात्री मी पाहत असे. मुलीला फक्त पक्का झालेला निर्णय सांगायचा, चर्चा सांगायची नाही, असा नियम होता.

४ सप्टेंबरला माझ्या आईला कोरेगाव तालुक्यातल्या गावाहून साताऱ्याला आणून रुग्णालयात ठेवावे लागले. त्या दिवसांत एक खाट मिळवण्यासाठी ओळखीपाळखी काढाव्या लागत होत्या, हे इथल्या लोकांना सांगायला नको. आजी आणि नात रोज संध्याकाळी फोनवर बोलत असत. मी मुलीला सांगितले की आजीचा मोबाईल बिघडला आहे. नऊ दिवस हे खोटे मी सांभाळले आणि १३ तारखेला ती परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर आल्यावर, गाडीत बसल्यावर, खरे काय ते सांगितले. आई पुढे बरी होऊन घरी आली आणि मुलीला राज्याच्या ८५ टक्के कोट्यातून शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. ते नऊ दिवस तिला शांतपणे मिळाले नसते, तर हा प्रवेश झाला नसता, असे मला आजही प्रामाणिकपणे वाटते. ती मात्र म्हणते, "तू मला विचारायला हवे होतेस." आपले मत काय?

प्रतिसाद : एक डॉक्टर, सांगली

ताई, आपण मोकळेपणाने लिहिले आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो. आपला निर्णय मला चुकीचा वाटतो. आपल्या आई बऱ्या होऊन घरी आल्या, यामुळेच तो आज बरोबर दिसतो. त्या काळात वार्डातून नातेवाइकांना फोन लावून देण्याचे काम मी अनेकदा केले आहे. परीक्षा आहे, बाळंतपण आहे, नवी नोकरी आहे, अशा कारणांनी घरच्या एखाद्याला आजारपण कळवलेलेच नसायचे, आणि त्या माणसाला बातमी कळायची ती रुग्ण बोलण्याच्या अवस्थेत राहिला नाही तेव्हा. अशा मुलांचा राग पुष्कळ काळ टिकतो आणि तो आजारावर नसतो, घरच्यांवर असतो.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या मुलीला आपण डॉक्टर करू इच्छित होता, तिला पुढचे सगळे आयुष्य वाईट बातमी ऐकायची, ती दुसऱ्याला सांगायची आणि तरीही हातातले काम नीट करायचे आहे. त्या वर्षी परीक्षेला जाताना विद्यार्थ्यांना स्वतःच्या आरोग्याविषयीचे स्वयंघोषणापत्र भरून द्यावे लागत होते. आपल्या शब्दाला ती जबाबदार आहे असे परीक्षा घेणारी यंत्रणा मानत होती. घरात मात्र आजीचा फोन बिघडल्याचे तिला सांगितले जात होते.

माझ्या मुलाने २०२१ साली परीक्षा दिली. आमच्या घरात काहीच लपवले नव्हते. मी रात्री घरी आलो की अंगणातच कपडे बदलून आंघोळ करीत असे आणि मग दुरून बोलत असे. त्या दिवशी कोण गेले, ऑक्सिजन किती उरला आहे, हे त्याच्या कानावर पडत होते. याची किंमत आम्ही मोजली, हे सांगितले नाही तर माझे लिहिणे अर्धवट राहील. त्याची झोप उडाली, गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडले आणि त्याने एक वर्ष थांबून २०२२ च्या जुलैमध्ये पुन्हा परीक्षा दिली. तरीही मी पुन्हा तसेच करीन.

प्रतिसाद : भौतिकशास्त्राचे एक शिक्षक, सातारा

डॉक्टरसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून मी ताईंच्या बाजूने, निदान अर्ध्या वाटेपर्यंत, उभा राहतो.

३ मे ते १३ सप्टेंबर हे अंतर १३३ दिवसांचे होते. जी मुले मेच्या पहिल्या आठवड्यात शिखरावर पोहोचतील अशा बेताने आम्ही तयार केली होती, त्यांना आणखी १३३ दिवस त्याच उंचीवर धरून ठेवायचे होते, आणि तेही मोबाईलच्या पडद्यावरून शिकवून. १७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा पुढे ढकलण्याची याचिका फेटाळली, तरी मुलांना परीक्षा होणारच हे पटेना. ४ सप्टेंबरला पुनर्विचार याचिकाही फेटाळली गेली, तेव्हा कुठे बऱ्याच जणांनी पुन्हा पुस्तक उघडले. मधल्या अडीच आठवड्यांत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गतिशास्त्राचा एकही प्रश्न आला नाही, आले ते फक्त "सर, नक्की होणार का?" १८० प्रश्नांच्या परीक्षेत, जिथे बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, तिथे विचलित मूल नुसते कमी प्रश्न सोडवत नाही, तर अंदाजाने उत्तरे मारून मिळवलेले गुणही घालवते. ताईंच्या मुलीला या अडीच आठवड्यांपासून कोणी वाचवले असेल, तर तो मोठा आधार होता, असे मी म्हणेन.

एका वर्गात २४ ऐवजी १२ विद्यार्थी बसणार, प्रवेशासाठी प्रत्येकाला वेगळी वेळ दिली जाणार, केंद्रावर नवा मास्क मिळणार, पारदर्शक बाटलीतून पाणी नेता येणार, या गोष्टी मात्र मुलांना आधी नीट समजावून सांगाव्या लागल्या, कारण अनोळखी दालनात पहिली पंधरा मिनिटे गोंधळण्यात गेली तर ती परत मिळत नाहीत. अफवा दूर ठेवावी आणि माहिती पुरवावी, एवढाच फरक मी करतो. आजीचे आजारपण ही अफवा नव्हती, त्यामुळे त्या बाबतीत मी ताईंबरोबर नाही.

प्रतिसाद : एक पालक, जत तालुका

हा वाद ज्या घरात दोन खोल्या आहेत आणि वर्तमानपत्र येते, त्या घरातला आहे, असे मला वाचताना वाटले. आमच्याकडे एकच मोबाईल होता आणि तो मुलाच्या हातात होता, कारण क्लास त्यावरच चालत. म्हणजे जगातली प्रत्येक बातमी आधी त्याला कळे आणि मग तो आम्हाला सांगे. अर्ज त्याने भरला, छायाचित्र आणि सही ठरलेल्या मापात त्याने चढवली, राज्याचा कोटा आणि अखिल भारतीय कोटा यांत फरक काय हेही त्यानेच मला समजावले. त्याच्यापासून लपवायला माझ्याकडे होते काय?

मी केले ते एवढेच. वस्तीवर रेंज नव्हती, म्हणून टेस्टच्या दिवशी मी त्याला मोटारसायकलवरून माळावर नेत असे आणि तीन तास लांब बसून राहत असे. दुसरे काम जात वैधता प्रमाणपत्राचे. टाळेबंदीत कार्यालये कमी माणसांवर चालत होती, आंतरजिल्हा एसटी ऑगस्टच्या २० तारखेपासून सुरू झाली, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची जुनी नोंद दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत होती. ते प्रमाणपत्र वेळेत मिळाले नसते, तर त्याच्या गुणांना राखीव जागेसाठी काही अर्थ उरला नसता. गुण मुलाने मिळवावेत आणि कागद पालकाने, ही वाटणी मला पटते. त्यापलीकडचे, म्हणजे कोणती बातमी सांगावी आणि कोणती नाही, हे ठरवण्याची मुभा बहुतेक घरांना नसतेच. या चर्चेत तेही लक्षात असावे.

प्रतिसाद : २०२१ ची एक परीक्षार्थी, सांगली

मी इथे बहुधा वयाने सर्वांत लहान असेन, पण ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे त्यांच्यातली आहे, म्हणून लिहिते. आमची तुकडी दोन पुरांच्या मध्ये सापडली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमची अकरावी जेमतेम सुरू झाली होती, बारावी संपूर्ण महामारीत गेली आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णा पुन्हा घराच्या पायऱ्यांवर आली. आधी १ ऑगस्टला ठरलेली नीट १२ सप्टेंबरला झाली. बारावीची बोर्डाची परीक्षा ३ जून २०२१ ला रद्द झाली आणि निकाल दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के धरून लावला गेला. पुराच्या वर्षातली अकरावी अशी अनपेक्षितपणे आमच्या निकालात येऊन बसली.

काकू, मला बातम्यांचा त्रास झाला नाही, बातम्यांवरच्या घरातल्या बोलण्याचा झाला. बाबा आकडे वाचत आणि मग आई माझ्याकडे बघून म्हणे, "यंदा नाही झाले तरी चालेल हो." ती हे प्रेमानेच म्हणायची. मी दिवसातून तीनदा हे ऐकल्यावर मला वाटू लागले की आपले होणार नाही हे हिने मनाशी ठरवूनच टाकले आहे. त्याऐवजी मला एक गोष्ट नक्की कळायला हवी होती आणि ती मला कोणी सांगितली नाही : शासकीय जागा मिळाली नाही, तर घरात खाजगी किंवा अभिमत विद्यापीठाच्या शुल्काएवढे पैसे आहेत का? या दोहोंच्या आणि शासकीय महाविद्यालयाच्या वार्षिक शुल्कात कित्येक लाखांचा फरक असतो, हे मला मैत्रिणींकडून समजले होते. जमीन विकण्याविषयी भिंतीपलीकडून अर्धवट ऐकलेले एक वाक्य माझ्या डोक्यात परीक्षेपर्यंत होते. पूर्ण ऐकले असते, तर कदाचित झोप लागली असती.

पुराच्या रात्री मात्र त्यांनी जे केले ते मी विसरणार नाही. सामान वर चढवताना आईने धान्याआधी मला विचारले, "तुझी कोणती पुस्तके आधी न्यायची?" मी एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन पुस्तके आणि चुकांची वही सांगितली. तो निर्णय माझा होता. काकू, तुमच्या मुलीचे "मला विचारायला हवे होतेस" हे वाक्य मला त्यामुळे लगेच कळले. तिला आजीविषयी सांगून, "फोनवर रोज खुशाली हवी की परीक्षेनंतर एकदम?" असे विचारता आले असते. तिने कदाचित परीक्षेनंतर असेच म्हटले असते.

धागालेखिकेचे उत्तर : एक आई, सातारा

सर्वांचे प्रतिसाद मी मुलीला रात्री फोनवर वाचून दाखवले. डॉक्टरसाहेब, आई बरी झाली म्हणून माझा निर्णय बरोबर दिसतो, या आपल्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. त्या नऊ दिवसांतल्या एका रात्री आईची प्रकृती फार खालावली होती. उद्या काही झाले तर मुलीला काय सांगायचे, याचा विचार मी पहाटेपर्यंत करीत होते आणि मला एकही वाक्य सुचले नव्हते. हे मी मूळ लेखात लिहिले नाही, कारण घरातही आजवर कोणाला सांगितले नव्हते. काल मुलीला सांगितले.

जतच्या भाऊंचे म्हणणे मनाला लागले. मी ज्याला धोरण म्हणत होते, त्यातला बराचसा भाग आमच्या सोयीच्या परिस्थितीचा होता. कागद पालकाने सांभाळावेत, याविषयी आपल्या दोघांचे एकमत आहे.

एका बाबतीत मात्र माझे मत बदललेले नाही आणि तिथे मी शिक्षक महोदयांबरोबर आहे. महामारी संपली म्हणून या परीक्षेभोवतीची अनिश्चितता संपली असे झाले नाही. २०२४ च्या निकालानंतर वाढीव गुणांवरून झालेला गोंधळ, १,५६३ विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा आणि जुलैपर्यंत चाललेली न्यायालयीन सुनावणी आपण सर्वांनी पाहिली आहे. उद्या पुन्हा तसे काही घडले, तर न्यायालयात कोण काय बोलले हे मी धाकट्याला रोज सांगणार नाही. निर्णय होईल तेव्हा सांगेन. आपली माहिती रोखून धरण्याचा आईला अधिकार नाही, असे डॉक्टरसाहेब म्हणतील, आणि आमचा हा मतभेद राहील.

सांगलीच्या मुलीने पैशांविषयी लिहिले ते वाचून रविवारी आम्ही दोघांनी धाकट्याला समोर बसवले. ठेवी किती, कर्ज किती, थोरलीच्या वसतिगृहाला किती गेले, अभिमत विद्यापीठ आपल्याला झेपणार नाही, आणि गरज पडली तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची आपली तयारी आहे, हे सगळे वहीत लिहून दाखवले. तो बराच वेळ आकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले की आजीच्या औषधांचा खर्च यात कुठे आहे. तो आम्ही लिहायचा विसरलो होतो. त्यानेच पेन घेऊन खाली लिहिला.