निष्कासन म्हणजे नक्की काय? नोटीस आली की घर सोडायचंच का?

पाऊलवाट:
आम्ही भाड्याने राहतो. काल घरमालकांची नोटीस आली, एका महिन्यात जागा खाली करा नाहीतर निष्कासनाची कारवाई करू असं लिहिलंय. हा शब्द मी पहिल्यांदाच वाचला, शोधलं तर एव्हिक्शन असं मिळालं. मग महिना संपला की ते येऊन सामान बाहेर काढू शकतात का? आईने कालपासूनच भांडी बांधायला घेतलीत, रात्री नीट जेवली पण नाही. कोणीतरी सोप्या भाषेत सांगा प्लीज.

तिन्हीसांज:
आईंना सांगा भांडी परत लावून ठेवा. नोटीस म्हणजे निष्कासन नाही, ती फक्त सुरुवात असते.

इथे खरा शब्द आहे ताबा. मालकी घरमालकाचीच असते पण भाडं घेऊन त्याने ताबा तुम्हाला दिलाय, आणि तो ताबा कायद्याच्या मार्गाने परत काढून घेणं म्हणजे निष्कासन. बहुतेक देशांत साधारण असंच चालतं की आधी नोटीस, मुदत संपूनही भाडेकरू राहिला तर मालकाने दावा लावायचा, मग भाडेकरूचं म्हणणं ऐकलं जातं, मग ऑर्डर, आणि ऑर्डरनंतरही तो हलला नाही तर बेलिफ किंवा तसा अधिकारी येऊन ताबा घेतो. दारात सामान येतं ते या शेवटच्या पायरीला. तोपर्यंत बोलणं, मुदत वाढवून मागणं, थकलेलं भाडं भरणं हे सगळं करता येतं.

कारण काय दिलंय नोटिशीत? भाडं थकलंय, पोटभाडेकरू ठेवलाय, मालकाला स्वतःला राहायचंय, करार संपलाय, प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं.

बिनकुलपाचं_दार:
वरचं सगळं बरोबर आहे पण कागदावरचं आहे. आमच्याकडे कोर्टबिर्ट काही झालं नाही, आधी पाणी बंद, मग वीज, आणि एक दिवस कामावरून आलो तर कुलूप बदललेलं, लहान मुलाला घेऊन जिन्यात बसलो होतो आम्ही. तेव्हा वाटलं घर त्यांचं आहे, आपण काय बोलणार. नंतर कळलं की असं परस्पर बाहेर काढणं बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे आणि जगणं अशक्य करून माणसाला स्वतःहून जायला लावणं हेसुद्धा कायदा कित्येकदा निष्कासनच मानतो. म्हणून सांगतो, भाडं थांबवू नका, बँकेतूनच भरा, आणि घाबरून कशावरही सही करू नका. सही करून स्वतःच ताबा दिलात तर नंतर भांडायला फार कमी उरतं.

शब्दवेडी:
शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे यासाठी बेदखल हा जुना शब्द आहे, कुळाला जमिनीवरून बेदखल केलं असं म्हणायचे. आणि बॉयकॉट हा शब्दही अशाच भांडणातून आलाय, १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाचा जमीनदाराचा कारभारी कुळांना काढायला निघाला तेव्हा लोकांनी त्याच्याकडे काम करणं, त्याला माल विकणं सगळं बंद केलं.

सक्तीच्या निष्कासनावर संयुक्त राष्ट्रांच्या समितीने १९९७ साली जे लिहिलंय त्यात पुरेशी आधी सूचना द्या, लोकांशी बोला, आणि त्यांची संमती नसेल तर रात्री किंवा फार वाईट हवामानात काढू नका असं आहे. फ्रान्समध्ये तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च भाडेकरूंना बाहेर काढणं सहसा थांबवलेलंच असतं. मला हे फार योग्य वाटतं, मालकाचा हक्क खरा असला तरी समोर माणसं राहतायत.

पाऊलवाट:
सगळ्यांचे खूप आभार. कारण "करार संपला" एवढंच लिहिलंय, भाडं एकदाही थकलेलं नाही. आत्ता करार काढून वाचला तर त्यात दोन महिन्यांची नोटीस म्हटलंय आणि यांनी एकच महिना दिलाय. उद्या वकिलांकडे जातेय.

तिन्हीसांज:
नक्की जा, करार आणि भाड्याच्या पावत्या सोबत न्या. आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते फेकू नका, मुदत कधीपासून मोजायची यावर वाद झाला तर त्यावरची तारीख लागेल.