रक्त ‘गोठतं’ की ‘साकळतं’?

अनुवादक : अपघातातल्या अतिरक्तस्रावावरचा एक लेख मराठीत करतेय. मसुद्यात वाक्य असं आलंय : ‘रुग्ण थंड पडला की रक्त गोठत नाही, म्हणून गोठवलेला प्लाझ्मा लवकर द्यावा.’ संपादक विचारतात, थंडीत रक्त उलट गोठायला नको का?

भूलतज्ज्ञ : ‘साकळणे’ लिहा. पाण्याचा बर्फ होतो ते गोठणं, रक्त गुठळी धरतं ते साकळणं. शरीर ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साकळण्याची यंत्रणा मंदावते. रक्तातली आम्लता वाढली की आणखी बिघडते. त्यात नुसतं सलाईन ओतत राहिलं, तर उरलेलं रक्तही पातळ होतं. म्हणून हल्ली तांबड्या पेशी, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) आणि प्लेटलेट (गुठळी धरायला मदत करणारे रक्तातले सूक्ष्म कण) सुरुवातीपासून साधारण सारख्या प्रमाणात देतात. उत्तर अमेरिकेतल्या ६८० रुग्णांवरच्या ‘प्रॉपर’ चाचणीत (२०१५) हे प्रमाण तांबड्या पेशी बाकी दोहोंच्या दुप्पट देण्याशी ताडून पाहिलं. एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. पण पहिल्या २४ तासांत रक्त वाहून गेल्याने होणारे मृत्यू १४.६ ऐवजी ९.२ टक्के होते.

वाचक : आमच्याकडे ‘मुका मार लागून रक्त साकळलं’ म्हणतात. लोकांना काळानिळा डाग आठवेल.

भूलतज्ज्ञ : आठवू दे की! तिथेही गुठळीच असते.

रक्तपेढी तंत्रज्ञ : ‘गोठवलेला प्लाझ्मा’ मात्र तसाच ठेवा, तो खरोखरच उणे १८ अंशांखाली गोठलेला असतो. ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि तेवढ्यात वॉर्डातून तीन फोन येतात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ठेवाव्या लागतात. त्यांना ‘बिंबिका’ करू नका, रक्तपेढीत कुणाला कळायचं नाही.

अनुवादक : ट्रानेक्झामिक ॲसिडला ‘रक्त गोठवणारं औषध’ म्हटलंय.

भूलतज्ज्ञ : नको. ते गुठळी घडवत नाही, झालेली विरघळू देत नाही. ‘गुठळी टिकवणारं’ म्हणा. शिवाय वेळ लिहाच : ‘क्रॅश-२’ चाचणीत (२०१०) वीस हजारांवर रुग्ण होते, औषधाचा लाभ दुखापतीनंतर पहिल्या तीन तासांत दिल्यावर दिसला, त्यानंतर दिल्यावर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढलेले दिसले.

अनुवादक : मग वाक्य असं : ‘रुग्ण थंड पडला की रक्त साकळत नाही...’

वाचक : ताई, ‘थंड पडला’ आधी काढा. वाचणाऱ्याला रुग्ण गेलाच वाटेल. ‘अंगाचं तापमान उतरलं’ लिहा.