ड्राफ्टचा फटका दोन्ही टोकांना
अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलमध्ये तिसरं वर्ष संपलं की चांगले खेळाडू एमएलबी ड्राफ्टमध्ये (यात मेजर लीग बेसबॉल या व्यावसायिक लीगचे क्लब फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात) जातात आणि संघ रिकामा होतो, असं म्हणतात ते बरोबरच आहे. पण कोचची खरी झोप उडवतात ती हायस्कूलमधून येणारी मुलं. कॉलेजला होकार दिलेल्या मुलालाही क्लब निवडू शकतो आणि त्याने करार केला की तो कॅम्पसवर येतच नाही. शिवाय २०२१पासून ड्राफ्ट जुलैमध्ये होतो, म्हणजे हे कळेपर्यंत नवं सत्र तोंडावर आलेलं असतं!

उलटही घडतं. पिचर (चेंडू टाकणारा) कुमार रॉकरला (त्याची आई भारतीय वंशाची) २०१८मध्ये हायस्कूलमधूनच कोलोरॅडो रॉकीज या क्लबने पार ३८व्या फेरीत निवडलं. तो करार न करता व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध १९ स्ट्राइकआउटसह (तीन स्ट्राइकवर बाद) नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिली नाही. त्या वर्षी व्हँडरबिल्टने कॉलेज वर्ल्ड सिरीज ही कॉलेज विजेतेपदाची स्पर्धा जिंकली. आता ड्राफ्ट ४० ऐवजी २० फेऱ्यांचाच असल्याने ३८वी फेरीच उरलेली नाही. माझ्या मते कॉलेज संघांच्या दृष्टीने हा बदल चांगलाच झाला, कारण खालच्या फेऱ्यांत निवडली गेली असती अशी बरीच मुलं आता कॉलेजातच खेळतात.