आयटीआयच्या पोट्ट्यांवर बाँड लावला तर शेतपंपाची जळालेली मोटार भरायला माणूस मिळेल?

कोरडवाहू:
काल एकानं लिहिलं, "सरकारी आयटीआयमध्ये शिकतात अन् कतार-दुबई गाठतात. पाच वर्षं तालुक्यातच काम करायचा बाँड घ्या, नाहीतर सर्टिफिकेट अडवा." हे वाचून राहवलं नाही.

इलेक्ट्रिशियनचा कोर्स दोन वर्षांचा. त्यात वाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं, शिकवतात, पण हात बसतो तो मिस्त्रीच्या दुकानातच. जुनी तार उपटण्याआधी फेरे, तारेचा गेज (जाडी), कॉइलची पिच (किती खाचा सोडून बसते ते) लिहून घ्यावी लागते. एक आकडा चुकला की नवी भरलेली मोटार पहिल्याच दिवशी तापते. पाण्यातल्या मोटारीला पॉलिरॅप, म्हणजे प्लॅस्टिक गुंडाळलेली, तार लागते, तिथं वार्निशचं काम नाही. जोडाची टेप सैल राहिली की पाणी आत शिरलंच. एवढी कसब, अन् काम फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात दुकान रिकामं. बारा महिने पगार देणाऱ्याकडं पोरगा जाणारच. बाँडनं कागद अडतो, हात अडत नाही.

संत्रावाला_वरूड:
बोलणं सोपं आहे भाऊ. वरूड-मोर्शीत मोटार सातशे-आठशे फुटांवर. चेनपुली लावून एकेक पाइप सोडवत वर काढायची, चार माणसं लागतात. आंबिया बहाराचं फळ झाडावर, एप्रिलचं ऊन, अन् मिस्त्री म्हणतो आठ दिवसांनी या. तोवर फळ गळून खाली. सरकारी कॉलेजातल्या एमबीबीएसवाल्याला एक वर्षाचा बाँड आहे. मग इलेक्ट्रिशियनला काहून नाही?

कोरडवाहू:
डॉक्टरला त्या वर्षात सरकार नेमणूक देतं अन् पगारही देतं. या पोराला कोण देणार? हे सांगा, मग बाँडचं बोला.

स्टेटर_३६:
मुळात मोटारी इतक्या जळतात कशानं, ते कोणी बोलत नाही. स्टार जोडणीची (तिन्ही फेजची टोकं एकत्र जोडलेली) मोटार उघडा. दोन फेज काळे अन् एक कोरा असेल तर सिंगल फेजिंग, म्हणजे लाइनीतला एक फेज गायब. तिन्ही काळे असतील तर कमी व्होल्टेज नाहीतर ओव्हरलोड. पाच एचपीला साडेसात अँपिअरच्या आसपास लागतात. जास्त करंट आला की मोटार बंद करणारी रिले घडीघडी पडते म्हणून लोक ती बारा अँपिअरवर नेऊन ठेवतात, कोणी थेट बायपास करतात. त्यात लाइन येताच मोटार आपोआप चालू करणारा ऑटो स्विच. ६३ केव्हीएची डीपी, म्हणजे वावरातला ट्रान्सफॉर्मर, साधारण ८५ अँपिअर देते. तिच्यावर दहा मोटारी, म्हणजे चालू असताना ७५. पण लाइन येताच दहाही एकदम उठल्या तर सुरुवातीला सहापट ओढतात, साडेचारशे! व्होल्टेज बसतं, मोटार वेग धरत नाही, नुसती घूं घूं करत राहते अन् जळते. मागोमाग डीपीही जाते.

संत्रावाला_वरूड:
म्हणजे शेवटी दोष कास्तकाराचाच! ऑटो हौसेनं लावत नाही कोणी. लाइन रात्री बारा वाजता येते. अंधारात वावरात साप, रानडुक्कर, कुठं कुठं वाघ. तुम्ही जाऊन दाबा बटन.

स्टेटर_३६:
ऑटो काढा असं कुठं म्हटलं? नीट वाचा. ऑटोला टायमर लावा, पहिल्याला ३० सेकंद, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला ९०. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर, एक फेज गेला की मोटार बंद करणारा. एका स्टार्टरला तासाभराचं काम. पण डीपीवरच्या दहाही जणांनी मिळून ठरवावं लागतं, नाहीतर काही उपयोग नाही. अन् ते समजून बसवणारा माणूसच गावातून गेलाय.

पॅनलवाली_आर्णी:
रात्रीच्या लाइनचा प्रश्न 'मागेल त्याला सौर कृषी पंप'नं सुटेल असं वाटतं. हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींना पाच, अन् पाच वर्षं दुरुस्ती कंपनीकडं. पण कनेक्टर सैल, अर्थिंग खराब, उंदरानं केबल कुरतडली, एवढ्यासाठीही कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागते. पंप चालवणारा डबा, म्हणजे कंट्रोलर, गावच्या मिस्त्रीनं उघडला की हमी जाते. म्हणजे जो राहिला त्याचंही काम आपणच काढून घेतो. सहाव्या वर्षी पंप कोण पाहणार?

शिक्का_पासपोर्ट:
मूळ मुद्द्यावर या. दहावी नापास असेल तर पासपोर्टवर ईसीआर (तपासणी आवश्यक) शिक्का, आखातात कामाला जायला सरकारची परवानगी लागते, २७५ रुपयांत दोन वर्षांचा दहा लाखांचा विमा मिळतो. आयटीआयवाला बहुतेक दहावी पास, त्याला ही चाळणीच नाही. नोंदणीकृत एजंटनं ३० हजार अन् जीएसटीपेक्षा जास्त घेणं कायद्यात बसत नाही, तरी घरचे वावर गहाण ठेवून लाखांनी देतात. व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणाला की तिथंच उठा, कारण त्यावर नोकरी करताच येत नाही. अन् २०२४च्या फेब्रुवारीत खुद्द राज्य सरकारनंच कुशल माणसं पाठवायचा करार जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्गशी केला. एका हातानं पाठवायचं अन् दुसऱ्यानं बाँड मागायचा?

संत्रावाला_वरूड:
बरं, बाँडचं सोडतो. पटलं म्हणून नाही, पगाराचं उत्तर माझ्याकडं नाही म्हणून. पण मग डीपीवरच्या दहा जणांनी मिळून एका मिस्त्रीला बारा महिन्यांचं बांधून घ्यावं. रिले, टायमर, अर्थिंग पावसाळ्यातच तपासून घ्यायचं. जळाल्यावर पैसे देतोच, ते आधी द्यायचे.

कोरडवाहू:
हे पहिल्याच उत्तरात म्हटलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं. एका डीपीनं पोट नाही भरणार त्याचं, चार-पाच गावं तरी लागतील.

स्टेटर_३६:
मिस्त्री मिळेल तेव्हा मिळेल. आज लाइन आल्यावर प्रत्येकानं आपली रिले कितीवर आहे ते पाहा. पाच एचपी अन् बारावर असेल तर मोटारीच्या पाटीवरचा अँपिअर वाचून तिथं आणा. त्यावरही पडत असेल तर तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा, रिलेला हात लावू नका.