कर्वे रस्त्यावर नाही, युंगफ्राऊयोखला भेटल्या

प्रश्न:
गेल्या मे महिन्यात आम्ही आईला घेऊन स्वित्झर्लंडला गेलो होतो. युंगफ्राऊयोखच्या ३,४५४ मीटर उंचीवरच्या स्थानकात उतरल्यावर विरळ हवेने तिला थकवा आला, म्हणून तिला बाकावर बसवून मी पाणी आणायला गेलो. परतलो तेव्हा ती एका अनोळखी बाईंचे हात धरून रडत होती. त्या हुजूरपागेत आईच्या वर्गात होत्या आणि १९७१ साली मॅट्रिक झाल्यापासून दोघींची गाठ पडली नव्हती. "कानटोपी घाल, वारं बाधेल," असे त्या नातवाला म्हणाल्या आणि आईने आवाज ओळखला. त्या वीस वर्षे एरंडवण्यात राहतात, आम्ही कोथरूडला. मग इतक्या वर्षांत कर्वे रस्त्यावर ही भेट का झाली नाही? असा अनुभव आणखी कोणाला आहे का?

प्रतिसाद १:
क्योटोच्या फुशिमी इनारी देवस्थानात, तांबड्या कमानींखालच्या पायऱ्या चढताना, मागून कोणीतरी "एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, झाली आपली पर्वती!" असे म्हणाले. वळून पाहिले तर आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे काका होते. अकरा वर्षांत त्यांच्याशी पाण्याच्या वेळेपलीकडे आमचे बोलणे झाले नव्हते, आणि त्या दिवशी आम्ही शिखरापर्यंत बरोबर चढलो. आता दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे आधी जातो.

प्रतिसाद २:
एका खोलीत २३ माणसे असली, तर त्यांतल्या कोणा तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते, कारण २३ जणांच्या जोड्या २५३ होतात. ठरावीक मैत्रीण भेटणे फार दुर्मीळ आहे. पण शाळा, वाडा, कचेरी आणि नातेवाईक मिळून ज्या शेकडो ओळखी असतात, त्यांतले कोणीतरी भेटणे तितके दुर्मीळ नाही. त्यातून पुण्याच्या शाळांना सुट्टी एकाच वेळी लागते आणि सहलींचे मार्गही बहुतांशी तेच असतात.

मात्र आपल्या खऱ्या प्रश्नाचे उत्तर या गणितात नाही, असे मला वाटते. कर्वे रस्त्यावर मराठी कानावर पडली म्हणून कोणी मान वळवत नाही. त्या दोघी भाजीच्या गाडीपाशी शेजारी उभ्या राहिल्याही असतील. परक्या भाषांच्या गलबल्यात मात्र आपले एक वाक्य आले, की कान आपोआप तिकडे जातो.

प्रश्नकर्ता:
आपला दुसरा मुद्दा मी आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की दोघी एकाच बँकेत निवृत्तिवेतन घ्यायला जात होत्या, हे त्यांना युंगफ्राऊयोखच्या बाकावरच कळले होते. आता त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरवून एकत्र जातात.