प्रतिसाद: ऑटोक्लेव्ह आणि हलक्या विटा

ऑटोक्लेव्ह म्हणजे निर्जंतुकीकरणाचा मोठा प्रेशर कुकर आणि बांधकामाच्या हलक्या विटा त्यात केवळ लवकर सुकवल्या जातात, असे वर म्हटले आहे. त्यातील दुसऱ्या भागाबद्दल थोडी भर घालतो.

राख किंवा बारीक वाळू, चुना, सिमेंट, जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियम पावडर यांचे मिश्रण साच्यात ओतले की हायड्रोजनचे बुडबुडे सुटून ते ढोकळ्यासारखे फुगते आणि अर्धवट घट्ट झाल्यावर तारेने कापता येते. मात्र या अवस्थेत बोट दाबले तरी खड्डा पडतो. खरी ताकद येते ती सुमारे 12 बार दाबाच्या, 190 अंश सेल्सिअसच्या संपृक्त वाफेत आठ-दहा तास राहिल्यावर, कारण तेव्हाच चुना आणि राख-वाळूतील सिलिका यांच्या संयोगातून टोबरमोराइट या खनिजाचे स्फटिक तयार होतात. याला सुकवणे म्हणता येणार नाही, कारण या अभिक्रियेला पाणी लागतेच.

कुकरची उपमा दाराबाबत मात्र अगदी चपखल आहे. दोन मीटर व्यासाच्या दारावर अवघा 0.1 बार दाब शिल्लक असला, तरी तीन टनांहून अधिक जोर असतो. म्हणून दाबमापकाचा काटा शून्यावर दिसला तरी निचऱ्याची झडप उघडून खात्री केल्याशिवाय कोणी दाराला हात लावू नये.